जाताना नऊ तास, येताना सव्वासात!

नवी मुंबईत बेलापूरजवळ खाडीच्या काठी दिवाळे हे कोळ्यांचे गाव आहे. खाडीच्या पलीकडे नवा विमानतळ झाला असून २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. खाली पाण्यात होड्या आणि वर आकाशात विमाने! दोन्हींच्या वेगात केवढे अंतर! पण त्यांच्या प्रवासाचे गणित मात्र एकच आहे. मुंबई-लंडन प्रवासाचे उदाहरण घेऊन ते पाहू.

प्रथम अंतर काढू. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरा. गोलाचा परीघ १०० सेंटिमीटर असेल, तर दोरा सुमारे १८ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. १८ × ४०० = ७,२०० किलोमीटर. झाले अंतर!

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टीने रेघ ओढा. ती सीरियाजवळून जाईल. दोरा मात्र काळ्या समुद्राच्या उत्तर काठाजवळून जातो. गोलावर ताणलेल्या दोऱ्याचा मार्गच सर्वांत जवळचा. त्याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. विमाने शक्यतो त्याच्या आसपास राहतात. पण वाटेतल्या देशाने आपले आकाश बंद केले, तर वळसा पडतो. २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली, तेव्हा असेच झाले.

आता वेळ काढू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर ७,२०० किलोमीटरला ८ तास लागतील. मग जायला ८ आणि यायलाही ८ काय? दिवाळ्याच्या एखाद्या तांडेलाला विचारा. तो हसून सांगेल, ''पाणी कुठल्या बाजूला वाहते ते आधी बघा!'' होडीचा वेग ताशी १० किलोमीटर आणि पाण्याच्या ओढीचा २ किलोमीटर असेल, तर ओढीबरोबर होडी ताशी १२ किलोमीटर जाते आणि ओढीविरुद्ध अवघी ८.

आकाशातही अशीच ओढ असते. सुमारे १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण व थंड प्रदेशांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे ते निर्माण होतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो.

समजा, वाटभर सरासरी १०० किलोमीटर वेगाचा वारा आहे. लंडनला जाताना वेग ८०० होईल व ९ तास लागतील. येताना तो १,००० होईल आणि ७ तास १२ मिनिटांत मुंबई येईल. बेरीज करा: १६ तास १२ मिनिटे! वारा नसता, तर १६ तासच लागले असते. मग ही १२ मिनिटे कोठून आली? विरुद्ध वारा विमानाला ९ तास अडवतो. पाठीचा वारा मात्र सव्वासात तासच मदत करतो. म्हणून तोटा पुरता भरून निघत नाही. त्या १२ मिनिटांचे इंधनही जादा जळते.

पण घड्याळ मात्र उलटेच सांगते! हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान तेथील दुपारी साडेचारला उतरेल. जणू साडेतीनच तास लागले! लंडनहून रात्री ९ ला निघालेले विमान येथे सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी पोचेल. जणू पावणेतेरा तास गेले! तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते, म्हणून असे दिसते. तेव्हा वजाबाकी करण्याआधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. वाऱ्याचा वेग १०० ऐवजी ताशी ३०० किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्यास एकूण किती वेळ लागेल? आधी अंदाज करा आणि मगच आकडेमोड करा. वारा तिप्पट झाला म्हणून तोटाही तिप्पटच होतो काय, ते पाहा!