मुलगा मुंबईला मामाकडं : आयकराची सवलत कुणाला?



बारावीचा निकाल लागला की आपल्या भागातली पोरं शिक्षणासाठी मुंबईची वाट धरतात. कुणी अंधेरीला, कुणी विद्याविहारला, कुणी मुलुंडला. वसतिगृहात जागा मिळेलच असे नाही. मग बोरिवलीचा मामा नाहीतर घाटकोपरची आत्या घरात ठेवून घेते. तेव्हा हमखास विचारले जाते, की दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्याला आयकरात काही सूट आहे का?

अशी सूट अमेरिकेत आहे. तिथे विद्यार्थी-विनिमय योजनेतल्या मुलाला घरी ठेवणाऱ्या कुटुंबाला दरमहा ५० डॉलरपर्यंतचा खर्च देणगी समजून उत्पन्नातून वजा करता येतो. अटी मात्र कडक आहेत. विद्यार्थी बारावी किंवा त्याखालच्या वर्गात पूर्णवेळ शिकणारा हवा, मान्य संस्थेशी लेखी करार हवा, खर्चाची भरपाई घेतलेली नसावी, आणि मूल नात्यातले नसावे. म्हणजे भाचा तिथेही बसत नाही! शिवाय ५० डॉलर काही हाती पडत नाहीत. २२ टक्के दराने कर भरणाऱ्याचे महिन्याला ११ डॉलर वाचतात, एवढेच.

आपल्या देशात यजमानाला अशी वजावट नाही. रोटरीच्या योजनेतला परदेशी विद्यार्थी ठेवला तरी नाही आणि सख्खा भाचा ठेवला तरी नाही. देणगीची सवलत मान्य संस्थेला दिलेल्या पैशावर मिळते. जेवणखाण आणि राहण्याची सोय त्यात धरत नाहीत. भाच्याची फी मामाने भरली तरी मामाला वजावट नाही.

सवलत आहे ती आईबापांना. स्वतःच्या दोन मुलांपर्यंत पूर्णवेळ शिक्षणाची शिकवणी फी वजा करता येते. विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे सारे धरून मर्यादा १,५०,००० रुपये. देणगी, विकास निधी, वसतिगृह, खाणावळ, खासगी क्लास यांचा खर्च यात येत नाही. उच्च शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज वेगळे वजा होते, जास्तीत जास्त ८ वर्षे. या दोन्ही सवलती जुन्या करपद्धतीतच मिळतात. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, म्हणून दोन्ही हिशेब मांडून मगच निवड करावी.

आता आपल्या घरचे पाहू. उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न. त्यावर आयकर नाही. नुसती शेती असणाऱ्याला कर नाही, तेव्हा वजावटीचाही प्रश्न नाही. पण नोकरीचा पगार, दुकान, दुधाचा धंदा, ठेवीचे व्याज, शेअरवरचा लाभांश हे करपात्र उत्पन्न होय. घरात बायको शिक्षिका असेल आणि कर तिला बसत असेल, तर फी तिच्याच खात्यातून भरावी. शेतकरी नवऱ्याच्या खात्यातून भरली तर तिची सवलत बुडते.

मामाचाही विचार करावा. धान्य, गूळ पाठवला, घरखर्चाला हातभार लावला तर त्याला कर बसत नाही. पण दरमहा ठरावीक भाडे देऊ लागलात, तर ते मामाचे उत्पन्न ठरते. घरभाड्यातून ३० टक्के वजावट त्याला मिळते, बाकीचे विवरणपत्रात दाखवावे लागते. तेव्हा नात्यात द्यायचे ते मदत म्हणून की भाडे म्हणून, हे आधीच बोलून घ्यावे. मागाहून वाद नको.

ध्यानात ठेवावयाचे :
१) फीच्या पावतीवर शिकवणी फी वेगळी लिहून घ्यावी.
२) फी रोख न भरता बँकेतून भरावी.
३) कर्जाच्या व्याजाचा दाखला दरवर्षी बँकेकडून घ्यावा.
४) १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला असून कलमांचे आकडे बदलले आहेत. सल्लागाराकडे जाताना जुना आकडा न सांगता सवलतीचे नाव सांगावे, आणि पावत्या बरोबर न्याव्यात.