रजेचं पासबुक कुठे आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रम संहिता लागू झाल्या आणि पुढचे दिवस सगळी चर्चा एकाच प्रश्नावर अडकली: हातात येणारा पगार घटणार का? प्रश्न रास्त आहे. पण पावणे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या लहानमोठ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी त्याहून मोठा बदल दुसरीकडेच झाला आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या ३२व्या कलमानुसार भरपगारी रजेचा हक्क मिळायला वर्षात २४० दिवसांऐवजी आता १८० दिवसांचं काम पुरेसं आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ही तरतूद लागू आहे.

साठ दिवसांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण इथल्या कामाची रीत पाहा. ऑर्डर मंदावली की कंत्राटावरच्या माणसांना आधी घरी बसवतात. पावसाळ्यात गावी भातलावणीला गेलेला माणूस तीन आठवड्यांनी परततो. आजारपणाचे खाडे वेगळेच. असा कामगार वर्षाचे दोनशे दिवस भरतो आणि २४०च्या रेषेअलीकडे राहतो. जुन्या कारखाने कायद्याने त्याची रजा होती शून्य. आता वीस दिवसांमागे एक या दराने त्याच्या नावावर दहा दिवस पडतात. वर्षाच्या मध्यात कामाला लागणाऱ्यांचा फायदा तर याहून मोठा. १ जुलैला रुजू झालेल्या माणसाला वर्षाचे १८४ दिवस उरतात. पूर्वी त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे १२३ दिवस भरावे लागत. आता एक चतुर्थांश, म्हणजे ४६ भरले तरी तो पात्र ठरतो.

ही पात्रतेची रेषा किती कष्टाने खाली आली, हे आजच्या चर्चेत कुणी सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या मजुराला पगारी सुटी कायद्याने मिळाली ती १९४५च्या दुरुस्तीने, त्यांच्याच कारकिर्दीत. तेव्हा बारा महिने अखंड नोकरी झाल्यावर दहा दिवस मिळत. त्याआधी सुटी म्हणजे बुडालेली मजुरी, एवढाच मजुराचा अनुभव होता. पुढे १९४८चा कारखाने कायदा आला, १९५४च्या दुरुस्तीने त्यात २४० दिवसांची अट आली आणि ती सत्तर वर्षं तशीच राहिली. या काळात कायम कामगार कमी होत गेले, कंत्राटी वाढले, पण अट कायम कामगाराच्या मापाचीच राहिली. म्हणून १८०चा आकडा मला या चारही संहितांमधली सर्वांत माणुसकीची दुरुस्ती वाटते. संहितांमधल्या बऱ्याच गोष्टींवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. या कलमाचं श्रेय मात्र द्यायलाच हवं.

आता हातातल्या पगाराचं. नव्या व्याख्येनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा ऑपरेटरचा महिना २८,००० आहे. बेसिक आणि डीए मिळून १२,०००, बाकी १६,००० भत्ते. निम्मे १४,०००, म्हणजे वरचे २,००० वेतनात येणार आणि वेतन १४,००० होणार. त्याची पीएफ कपात पूर्वी १,४४० होती, ती १,६८० होईल. हातात २४० रुपये कमी येतील. मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागतील, म्हणून ऑपरेटरच्या नावावर महिना ४८० रुपयांची भर पडेल. ज्यांचा पीएफ आधीपासूनच १५,०००च्या कमाल मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या हातातली रक्कम घटण्याचं कारण नाही. केंद्रीय कामगार मंत्रालयानेही तसा खुलासा केला आहे. शिवाय वेतन वाढलं की ग्रॅच्युइटी वाढते आणि रजेच्या एका दिवसाची किंमतही वाढते. आपल्या ऑपरेटरचा एक दिवस सव्वीसच्या हिशेबाने ४६२ रुपयांचा होता, तो ५३८चा होईल. दहा दिवसांची रजा म्हणजे ५,३८० रुपये, आणि ही रजा वर्षाअखेरीस मागणी करून रोखीत घेण्याचा हक्कही संहितेने दिला आहे. तीस दिवसांपर्यंतची रजा पुढच्या वर्षात नेता येते. त्यावरची वाया जात नाही, तिचे पैसे मागता येतात.

हक्क मिळाला, पण तो तपासायचा कसा?

पीएफचं उत्तर सोपं आहे. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकाने चलन भरायचं. ते भरलं की नाही, हे यूएएन टाकून मोबाइलवरच्या पासबुकात दिसतं. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा भारतीय न्याय संहितेनुसार विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. नुसतं व्याज भरून तो मिटत नाही. पासबुक दर महिन्याला उघडण्याचं आणखी एक कारण आहे. याच खात्याला सात लाखांपर्यंतचा विमा जोडलेला असतो. रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात आगीच्या बातम्या नव्या नाहीत. अशा वेळी कामगाराचं नाव भविष्य निधीच्या विवरणात नसेल, तर त्याच्या घरच्यांना वाशीच्या भविष्य निधी कार्यालयात कागद घेऊन खेटे घालावे लागतात. नोकरी बदलताना जुनं खातं मोडून पैसे काढणाऱ्यांनाही एक सांगायला हवं: पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि पेन्शनचे पैसे काढले की ती वर्षं मोजणीतून जातात. तीन कंत्राटदारांकडची चार-चार वर्षं जोडली तर पेन्शन मिळतं. दर वेळी पैसे काढून घेतले तर मिळत नाही.

आयकराचं उत्तरही तयार आहे. नव्या करप्रणालीत पगारदाराला २०२५-२६ या वर्षासाठी पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, म्हणून शॉपफ्लोअरवर हा विषय फारसा निघत नाही; तो सुपरवायझर, केमिस्ट, अकाउंट्सवाल्यांचा. मालकाने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, तिमाही विवरण द्यायचं आणि १५ जूनपर्यंत फॉर्म १६ हातात ठेवायचा. मधल्या काळात फॉर्म २६एएस उघडला की आपल्या पॅनवर किती जमा झालं ते दिसतं. मालकाने कर कापला पण भरला नाही, तर आयकर खात्याला तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. मात्र कापल्याचा पुरावा म्हणून पगाराची स्लिप तुमच्याकडे हवी. व्यवसाय कराचे महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, हे तर स्लिपवर सगळ्यांनाच पाठ असतं.

आणि रजा? तिचं कुठलंही पासबुक नाही. ती असते कारखान्याच्या रजिस्टरमध्ये. जुन्या नियमांत कामगाराला रजेचं पुस्तक द्यायची तरतूद होती, पण ते हातात असलेले कंत्राटी कामगार विरळाच. लहान कारखान्यात वेगळं एचआर खातं नसतं. मस्टर आणि पंचिंगचा कागद महिनाअखेरीस बाहेरच्या कन्सल्टंटकडे जातो. तो पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर यांची तारीख चुकवत नाही, कारण तिथे दंड लागतो आणि पोर्टल विचारतं. रजेबद्दल कुठलंही पोर्टल विचारत नाही. म्हणून हिशेबात सर्वांत आधी गळते ती रजा. कामगार ज्याला ‘ब्रेक दिला’ म्हणतात, ती सहा-आठ महिन्यांनी काढून पुन्हा घेण्याची रीतही याच फटीतून चालते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती नवी नाही आणि तरी माहीत नाही. कामगाराला काढलं किंवा त्याने काम सोडलं, तर पात्रतेचे दिवस भरलेले नसले तरी वीसला एक या दराने साठलेल्या रजेचे पैसे त्याला द्यावेच लागतात. कारखाने कायद्यातही ही तरतूद होती. संहितेत ती कायम आहे, आणि हे पैसे दुसरा कामकाजाचा दिवस संपायच्या आत द्यायचे आहेत. मजुरीचा उरलेला हिशेबही, राजीनामा दिलेल्यासकट, दोन कामकाजाच्या दिवसांत मिटवायचा आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. शंभर दिवस काम करून ब्रेक मिळालेल्या माणसाचे पाच दिवसांचे पैसे देणं लागतं. कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते.

२०२५चा हिशेब अवघड आहे. संहिता २१ नोव्हेंबरला लागू झाल्या, मग त्या वर्षाची रजा २४०ने मोजायची की १८०ने? माझ्या मते वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबरला होतो, तेव्हा त्या दिवशी लागू असलेला कायदा धरावा आणि शंकेचा फायदा कामगाराला द्यावा. राज्य सरकारने हे एका परिपत्रकाने स्पष्ट केलं, तर भांडणं टळतील.

पीएफमधून वगळलेल्यांसाठी एक दार ठरावीक मुदतीपुरतं उघडलं गेलं. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात ज्यांना नोंदवायचं राहिलं, त्यांना भविष्य निधी संघटनेच्या नोंदणी मोहिमेत ३० एप्रिल २०२६ पर्यंत सामावून घेण्याची मुभा मालकाला देण्यात आली. कामगाराच्या पगारातून वाटा कापलेलाच नसेल तर तो माफ, दंड नाममात्र शंभर रुपये. पावण्यातल्या किती कारखान्यांनी आपल्या कंत्राटदारांना हे सांगितलं, हे संघटनांनी गेटवर जाऊन विचारायला हवं.

रजेसाठी मात्र अशी मोहीम निघणार नाही, कारण चुकलेल्या रजेची नोंदच कुणाकडे नाही. पगाराची स्लिप देणं आता सक्तीचं आहे. महाराष्ट्राच्या नियमांत त्या स्लिपच्या नमुन्यात तीन रकाने घालावेत: वर्षात आजवर भरलेले दिवस, साठलेली रजा आणि घेतलेली रजा. पंचिंग मशीनमध्ये हे आकडे आत्ताही असतात. ते कामगाराच्या हातातल्या कागदावर छापायला कारखान्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.