शाळेआधी लसींचं कार्ड

बेलव्ह्यूमध्ये दर उन्हाळ्यात भारतातून नवी मराठी कुटुंबं येतात आणि मला एकच प्रश्न विचारतात, "लसी तर सगळ्या झाल्यात, मग शाळा का अडवते?" कारण साधं आहे. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. वॉशिंग्टन राज्यात पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. त्यानंतर गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस हवेत. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंड, कांजिण्या नसतात; इथे लागतात. २०१९च्या गोवर-साथीनंतर या लसीला वैयक्तिक मतापोटी मिळणारी सूट बंद झाली. २०२०पासून डॉक्टरी खातरजमा झालेली नोंदच चालते. तेव्हा आजी-आजोबांनो, कपाटातल्या कार्डाचा फोटो आधी पाठवा आणि मूळ कार्ड मुलांच्या हातातल्या बॅगेत ठेवा.