डीमार्टमधली गर्दी आणि शेअरचा भाव

महिन्याच्या पहिल्या रविवारी ठाणे किंवा डोंबिवलीच्या डीमार्टमध्ये बिलाच्या रांगेत उभे राहा, कुणीतरी म्हणतेच, "याचा शेअर तेव्हाच घ्यायला हवा होता." तेव्हा म्हणजे मार्च 2017. 299 रुपयांना दिलेला हा शेअर बाजारात आला तोच 600च्या आसपास. कंपनीचे नाव अव्हेन्यू सुपरमार्ट्स, कचेरी ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये. पण आज घ्यावा का?

नफा येतो कुठून

2024-25मध्ये विक्री सुमारे 59,000 कोटी आणि निव्वळ नफा सुमारे 2,700 कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीवर साडेचार रुपये. साबण, टूथपेस्ट बनवणारी हिंदुस्थान युनिलिव्हर शंभरामागे सोळा-सतरा रुपये राखते. डीमार्ट तो माल फक्त विकते, आणि तोही स्वस्तात. जागा बहुतांशी स्वतःच्या, पुरवठादाराला पैसे लवकर, माल झटपट खपतो. साडेचार रुपये उरतात ते या शिस्तीमुळे.

भावाचे गणित

इथे घाई नको. कंपनीचे शेअर सुमारे 65 कोटी, म्हणजे शेअरमागे वर्षाचा नफा जेमतेम 42 रुपये. भाव 4,000 धरला तर पी/ई, म्हणजे भाव भागिले शेअरमागचा नफा, 95 झाला. सात टक्क्यांच्या एफडीला याच हिशेबाने पी/ई लावला तर तो 14 येतो! अर्थात एफडीचे व्याज वाढत नाही, नफा वाढतो. म्हणून दहा वर्षे तो दरसाल 15 टक्क्यांनी वाढेल असे उदारपणे मानू. शेअरमागे नफा 168च्या आसपास जाईल. तेव्हा बाजाराने 50चा पी/ई दिला तर भाव 8,400. दहा वर्षांत दुपटीहून थोडे जास्त, म्हणजे वर्षाला पावणेआठ टक्के. लाभांश कंपनीने आजवर दिलेला नाही. आणि 2024-25मध्ये नफा प्रत्यक्षात सातही टक्के वाढला नाही.

ऑक्टोबर 2021मध्ये 5,900च्या घरात घेणाऱ्यांना हे चांगलेच कळले असेल. 2020-21चा नफा 1,100 कोटी होता. चार वर्षांत तो जवळपास अडीचपट झाला, तरी मार्च 2025मध्ये भाव 4,000च्या आसपासच. कंपनीने काम चोख केले, खरेदीदाराने जास्त मोजले.

दहा मिनिटांत घरपोच किराण्याची स्पर्धा

ऑनलाइन किराण्याचा फटका महानगरांतल्या मोठ्या दुकानांना बसतो आहे, हे ऑक्टोबर 2024मध्ये कंपनीनेच मान्य केले. कल्याण-डोंबिवलीत महिन्याचे वाणसामान एकदाच भरणारी घरे अजून पुष्कळ आहेत. तरीही दोन वर्षांहून जुन्या दुकानांची विक्री किती वाढली, हा आकडा दर तिमाहीला बघाच. नव्या दुकानांनी फुगलेली एकूण विक्री दिशाभूल करते.

मग घ्यावा का?

4,000ला माझे उत्तर नाही. 50च्या पी/ईला, म्हणजे 2,100च्या आसपास मिळाला तर विचार करेन. तुम्ही घेणार असाल तर ताज्या निकालातला शेअरमागचा नफा घेऊन हेच गणित आधी कागदावर मांडा.