ट्रॉली दिसली, तर जीव वाचेल

दिवाळीच्या सुमारास कळमेश्वर तालुक्यात कापसाची वेचणी आणि आंबिया बहराच्या संत्र्यांची तोडणी एकदमच सुरू होते. दिवस मावळला की भरलेल्या ट्रॉली नागपूर-काटोल रस्त्यावर येतात. याच रस्त्यावर एमआयडीसीकडे ये-जा करणारे ट्रकही असतात. या ट्रॉलींपैकी अनेकींच्या मागे दिवा नसतो. असला तरी तो लोंबणाऱ्या कापसाआड झाकलेला असतो.

इथे प्रश्न ट्रकचालकाच्या निष्काळजीपणापुरता नाही, तो मानवी डोळ्याच्या मर्यादेचाही आहे. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यांवर पडला, की दृष्टिपटल दिपते आणि अंधारातले पुन्हा दिसू लागायला काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जातो. म्हणजे नुसते तीन सेकंद दिसले नाही, तरी ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापले जाते. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची काळपट ट्रॉली दिसते तीच मुळी साधारण तेवढ्या अंतरावरून. शिवाय ती संथ चालली आहे हे कळायला आणखी एखादा सेकंद लागतो. भरलेला ट्रक ब्रेक दाबताच जागच्या जागी थांबत नाही.

म्हणून ट्रॉली लांबूनच दिसली पाहिजे. मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी रेडियम पट्टी लावावी. धूळ-चिखल बसला तर ती पुसावी. माल दिव्यावर येऊ देऊ नये. रस्त्यावर येण्यापूर्वी ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल एकमेकांना जोडावेत. एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि मागची ट्रॉली आडवी होते. बंद पडलेली ट्रॉली डांबरी रस्त्यावर सोडून जाऊ नये. मालावर माणसे बसवू नयेत.

ट्रकच्या अगदी पुढचा आणि डाव्या बाजूचा बराच भाग चालकाला दिसत नाही. त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे समजावे. वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून दुचाकी घुसवू नये. ट्रॉलीला मागून धडकणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोके आणि छाती थेट ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळते. तिथे हेल्मेट डोके वाचवू शकते.

अपघात झालाच तर १०८ वर फोन करावा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मानेला हिसका देऊ नये, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. पहिला तास मोलाचा असतो, तो पोलिसांच्या धास्तीत घालवू नये.

हंगामाचा हिशेब मांडताना डिझेल आणि मजुरीच्या शेजारी रेडियम पट्टीचाही खर्च धरावा. सगळ्यात कमी पैसे तिलाच लागतात.