‘तीन महिन्यांची साखर’ आणि रक्तातले लोह

आपल्या घरांत दोन तक्रारी शेजारीशेजारी नांदतात. सुनेला ‘रक्त कमी’, सासूला ‘शुगर’. कधी एकाच बाईला दोन्ही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या दोन तक्रारींचे आपसात नाते आहे, हे मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी एचबीएवनसी तपासणी होते, ती रक्तातली साखर थेट मोजत नाही. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते मोजते. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. पेशी जितकी जुनी, तितकी तिला साखर अधिक चिकटलेली. लोह कमी पडले की नव्या पेशी कमी बनतात, जुन्यांचे प्रमाण वाढते. आकडा खऱ्या साखरेपेक्षा वर दिसू शकतो, त्याचे हे एक कारण. 6.5 ला मधुमेह धरतात. एखाद्या अशक्त बाईचा अहवाल 6.6 आला, की घरात तिचा भात बंद, आंबा बंद, आणि रक्ताचे कुणी विचारतही नाही! लोहाच्या उपचारानंतर हाच आकडा खाली येऊ शकतो. म्हणून बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही पाहिली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

लोह जादा झाले तरी बिघाड होतोच. ते बाहेर टाकण्याची खास सोय शरीरात नाही. ते यकृतात, स्वादुपिंडात साठते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना इजा करते. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांना पुढे मधुमेह होतो, तो बहुधा यातूनच. त्यांची लोह उतरवणारी औषधे चुकवू नयेत. आणि ‘ताकदीची’ म्हणून तपासणीविना वर्षानुवर्षे लोहाची टॉनिके पिणेही बरे नव्हे. फेरिटिनची तपासणी करून लोहाच्या साठ्याचा अंदाज घेता येतो.

आता खजूर. तो इफ्तारची सुन्नत आहे, बरकतीचा आहे. पण रक्त वाढवायला मूठमूठ खाणे शुगरवाल्यांना परवडणारे नाही. 100 ग्रॅम खजुरात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅम, साखर 60 ग्रॅमहून अधिक. कलेजीत लोह कित्येक पट आणि साखर जवळपास नाहीच, फक्त गरोदर बाईने ती बेताने खावी. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे. चहा मात्र जेवणाला लागूनच नको, तासाभराने घ्यावा.