‘६६ टक्के हेट’ म्हणजे नक्की काय? सापांच्या रंगामागचं गणित

कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप. अंगावर लाल-नारिंगी पट्टे आणि त्यांना काळी किनार, हे त्याचं नेहमीचं रूप. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात या जातीचा एक नर सापडला, त्याच्या अंगावर काळा रंग औषधालाही नव्हता. डॉ. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने तो वंश पुढे वाढवला आणि १९६१ साली बंदिवासात अल्बिनो कॉर्न स्नेकची पिलं जन्मली. रंगासाठी साप पैदा करण्याच्या छंदाची ही सुरुवातीची पायरी मानली जाते.

आज अमेरिका आणि युरोपात या छंदाचा मोठा बाजार झाला आहे. तिथल्या जाहिरातींत ‘१०० टक्के हेट’, ‘६६ टक्के हेट’, ‘५० टक्के हेट’ असे शब्द दिसतात. हे तिन्ही साप दिसायला अगदी सारखे, साधेच असतात. किंमत मात्र वेगवेगळी. मग हे टक्के आहेत तरी कशाचे?

रंग लपतो कसा?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काळा रंग म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते आणि साप साधाच दिसतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच काळा रंग गायब होतो. अशा गुणाला शाळेच्या पुस्तकात आपण ‘अप्रभावी’ म्हणतो.

एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असलेला साप म्हणजे वाहक. ‘हेटेरोझायगस’ या शब्दाचं बाजारातलं छोटं रूप म्हणजे ‘हेट’. आपल्याकडे अधूनमधून पांढरा नाग सापडल्याची बातमी येते. त्याचे आईबाप चारचौघांसारखे असू शकतात ते यामुळेच.

आता जोड्या लावून पाहू:

- अल्बिनो × साधा: सगळी पिलं साधी दिसतात, पण प्रत्येक पिलू वाहक असतं. हे ‘१०० टक्के हेट’.
- हेट × हेट: प्रत्येक पिलू अल्बिनो असण्याची शक्यता १/४, वाहक असण्याची १/२ आणि पूर्ण साधं असण्याची १/४.
- अल्बिनो × हेट: अल्बिनोची शक्यता १/२. उरलेली सगळी पिलं वाहक.
- हेट × साधा: अल्बिनो एकही नाही. प्रत्येक पिलू वाहक असण्याची शक्यता १/२. हे ‘५० टक्के हेट’.

६६ हा आकडा येतो कुठून?

दुसऱ्या जोडीकडे पुन्हा बघा. चार शक्यतांपैकी एक अल्बिनोची. ते पिलू डोळ्यांना दिसतं, म्हणून ते बाजूला काढलं. उरल्या तीन शक्यता: दोन वाहक, एक पूर्ण साधा. दिसण्यावरून त्यांत फरक करता येत नाही. म्हणून साध्या दिसणाऱ्या प्रत्येक पिलाबद्दल एवढंच म्हणता येतं की ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन, म्हणजे सुमारे ६६ टक्के.

इथेच बरेच जण फसतात. ‘६६ टक्के हेट’ सापात दोन तृतीयांश जनुक नसतं. तो साप एक तर वाहक आहे किंवा नाही, अधलंमधलं काही नाही. टक्केवारी आहे ती आपल्या माहितीची.

चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक नव्हे

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. हेट × हेट जोडीने चार अंडी दिली, म्हणजे त्यात एक अल्बिनो असणारच, असं नाही. प्रत्येक अंड्याचा फासा वेगळा पडतो. आधीच्या अंड्यात काय निघालं याचा पुढच्या अंड्याशी संबंध नाही.

बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर एका वेळी साधारण सहा अंडी घालतो. सहाही पिलं साधी निघण्याची शक्यता म्हणजे ३/४ हा अपूर्णांक सहा वेळा गुणायचा. उत्तर येतं सुमारे १८ टक्के. म्हणजे अशा दर पाच-सहा जोड्यांमागे एकीच्या पदरी निराशा. कॉर्न स्नेकच्या १६ अंड्यांत मात्र हीच शक्यता सुमारे १ टक्का उरते.

एकाऐवजी दोन अप्रभावी गुण हवे असतील तर गणित आणखी कडक होतं. कॉर्न स्नेकमध्ये काळा रंग नसलेला एक प्रकार आहे आणि लाल रंग नसलेला दुसरा. त्यांची जोडी लावली तर सगळी पिलं चक्क जंगली सापासारखी निघतात, कारण प्रत्येकाला दोन्ही जनुकांची एकेक चांगली प्रत मिळते. पुढे या पिलांची आपापसात जोडी लावली की दोन्ही रंग नसलेला फिकट ‘स्नो’ निघण्याची शक्यता १/४ × १/४, म्हणजे १/१६. तरीही १६ अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के राहते.

वाहक आहे की नाही, कसं ठरवायचं?

जुना मार्ग म्हणजे चाचणीची जोडी. समजा, ६६ टक्के हेट मादीची जोडी अल्बिनो नराशी लावली. एक जरी अल्बिनो पिलू निघालं तरी प्रश्न मिटला: मादी १०० टक्के वाहक.

सहाही पिलं साधी निघाली तर? मादी वाहक असती तर असं घडण्याची शक्यता ६४ मध्ये १ होती. वाहक नसती तर असंच घडणार होतं. दोन्ही बाजू तोलल्या की ती वाहक असण्याची शक्यता ६६ वरून सुमारे ३ टक्क्यांवर येते. ती शून्य मात्र होत नाही. एक अल्बिनो पिलू पक्का पुरावा देतं. साधी पिलं कितीही निघाली तरी संशय फक्त कमी होतो.

गणितात न दिसणारी किंमत

लपलेला गुण वर आणण्याचा सोपा रस्ता म्हणजे भावंडांची किंवा बाप-लेकीची जोडी. पण हव्या त्या जनुकासोबत इतर घातक अप्रभावी जनुकंही त्याच रस्त्याने जोडीजोडीने वर येतात. म्हणून जाणकार मधूनमधून नात्याबाहेरचा साप आणतात आणि एक पिढी साध्या पिलांवर घालवतात. शिवाय हव्या त्या एका पिलामागे जी साधी पिलं जन्मतात, त्यांनाही वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याचाही आहे. देशी साप पकडणं, पाळणं किंवा विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा ठरतो. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय ‘साइटिस’ कराराच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार असा प्राणी बाळगायचा तर नोंदणी लागते, आणि त्याला पिलं झाली तर तीही कळवावी लागतात.

जाहिरातीतला टक्का वाचला की म्हणूनच एक प्रश्न विचारावा: याचे आईबाप कोण होते? त्या आकड्याला अर्थ आहे तो त्यांच्या नोंदीमुळे. नोंद नसेल, तर ६६ टक्के हा नुसता विक्रेत्याचा शब्द.